राउटर रिसेट झाला, किल्ली मात्र लॅपटॉपात होती

मावशीने फोनवर पहिलंच वाक्य टाकलं, "अगं, आपल्या वायफायचं नावच गेलं. भलतंच कुणाचं तरी नाव दिसतंय."

एवढं ऐकलं आणि पुढचे दोन-तीन तास कसे जाणार ते कळलं. नेट मंद आहे, पासवर्ड चुकीचा सांगतंय, नुसतं गोल गोल फिरतंय, असल्या तक्रारींत वाचवण्यासारखं बरंच उरलेलं असतं. घरच्या वायफायचं नाव आपोआप बदलत नाही. ते बदललं म्हणजे राउटर कारखान्यातून निघाला तसा कोरा झालेला असतो. कुणीतरी रिसेट केला होता.

कुणी, ते विचारावं लागलं नाही. मागून काकांचा आवाज आला, "मी फक्त बटण दाबलं!"

हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवावंसं वाटलं, कारण यातली निम्मी चूक माझी होती. आणि रिसेट झाल्यावर "गेलं सगळं" असं जे आपण धरून चालतो, ते तितकंसं खरं नसतं हेही यात नीट दिसलं.

काय काय होतं घरात

मावशीचा जुना फोन बंद पडला होता आणि नवा आला होता. नव्या फोनला वायफायचा पासवर्ड हवा होता. लॅपटॉपवर त्यालाच 'नेटवर्क सिक्युरिटी की' म्हणतात, राउटरच्या तळाला कुठे 'वायरलेस की' छापलेलं असतं, कुठे 'प्री-शेअर्ड की'. वस्तू एकच. तो पासवर्ड चार वर्षांपूर्वी मीच ठेवला होता. चांगला १४ अक्षरांचा, आकडे आणि लहान-मोठी अक्षरं मिसळून. आणि कुठेही लिहून ठेवला नव्हता. मावशीच्या जुन्या फोनमध्ये घातला, काकांच्या फोनमध्ये घातला, लॅपटॉप, प्रिंटर, दाराबाहेरचा कॅमेरा, दोन स्मार्ट प्लग, झालं. सगळ्यांना आठवत होता, फक्त माणसांना नव्हता.

त्यांनी आधी राउटर उलटा करून स्टिकर पाहिला. त्यावर छापलेली की घातली, ती चालली नाही. चालणारच नव्हती. स्टिकर कारखान्यात चिकटवतात, आपण की बदलली की स्टिकरला कोण सांगणार? तेव्हापासून तो खोटाच बोलत असतो. रिसेट केल्यावर पुन्हा खरा होतो, ही त्यातली गंमत.

मग काकांना आठवलं की राउटरवर एक बटण असतं, ते दाबलं की पासवर्ड लागतच नाही. हे ऐकीव ज्ञान अगदी बरोबर आहे. त्या सोयीचं नाव डब्ल्यूपीएस. वायफाय अलायन्सने ती २००६च्या सुमारास आणली. बटण दाबायचं, साधारण दोन मिनिटांच्या आत दुसऱ्या उपकरणावरही जोडणी सुरू करायची, की दोघं आपसांत किल्ली देऊन घेतात. अडचण दोन ठिकाणी झाली. एक तर मावशीच्या नव्या फोनमध्ये ती सोयच नव्हती. अँड्रॉइडने ९व्या आवृत्तीपासून डब्ल्यूपीएस निकालात काढायला घेतलं आणि आयफोनमध्ये ते कधी नव्हतंच. दुसरं म्हणजे या राउटरवर डब्ल्यूपीएस आणि रिसेट यांना मिळून एकच बटण होतं. थोडक्यात दाबलं तर डब्ल्यूपीएस, दाबून धरलं तर रिसेट. काकांनी दाबलं, काही झालं नाही. म्हणून जरा जास्त वेळ दाबलं. सगळे दिवे एकदम लागले, विझले, आणि चार वर्षांची मांडणी पुसली गेली.

मी यात काकांना दोष देत नाही. 'पाहुण्याला आत घ्या' आणि 'घर रिकामं करा' ही दोन कामं एकाच बटणाला देणाऱ्याने काय विचार केला होता, ते त्यालाच विचारायला हवं.

पहिला नियम: 'फरगेट' दाबायचं नाही

फोनवर मी सर्वांत आधी हेच सांगितलं, "लॅपटॉप चालू करा, पण जुन्या नेटवर्कवर 'फरगेट' कुठेही दाबू नका."

बहुतेक लोक नेमकं तेच करतात. जोडणी होत नाही म्हटल्यावर नेटवर्क विसरायला लावतात आणि नव्याने जोडतात. एरवी हा उपाय चांगला आहे. इथे मात्र त्या घरात जुनी किल्ली वाचता येईल अशी एकच जागा उरली होती, ती म्हणजे लॅपटॉप. राउटर पुसला गेला म्हणून लॅपटॉपाची आठवण पुसली जात नाही. जे नेटवर्क आता अस्तित्वातच नाही, त्याचीही किल्ली तो सांभाळून बसलेला असतो. प्रिंटर, कॅमेरा, प्लग यांच्याकडेही ती होती, पण त्यांच्याकडून ती वदवून घ्यायची सोय नसते. काकांचा फोन जुन्या अँड्रॉइडचा, तो ठिपक्यांपलीकडे काही दाखवत नाही. अँड्रॉइड १० असतं तर 'शेअर'वर टेकवून क्यूआर कोड मिळाला असता, बऱ्याच फोनांवर त्याच्याखाली पासवर्डही लिहून येतो. आयफोनवर आयओएस १६पासून सेटिंग्जमध्येच तो उघडून बघता येतो.

काकांचा प्रश्न रास्त होता, "बँकेच्या खात्यासारखं 'पासवर्ड विसरलात' असं इथे काही नाही का?" नाही. बँकेचा पासवर्ड तिसरीकडे एका सर्व्हरवर तपासला जातो, तिथे ओळख पटवून नवा मागता येतो. वायफायची किल्ली फक्त दोन टोकांना असते, राउटरमध्ये आणि आपल्या उपकरणात. जोडताना ती हवेतून जातसुद्धा नाही. दोघं एकमेकांना कोडी घालतात आणि उत्तरं जुळली की 'तुझ्याकडेही तीच किल्ली आहे' हे मान्य करतात. त्यामुळे नव्याने मागायची तर कुणाकडे, हाच प्रश्न.

आणि 'विसरलेला वायफाय पासवर्ड काढून देतो' म्हणणारी ॲप्स? त्यातली काही लोकांनी वाटलेले पासवर्ड गोळा करून पुढे देतात, म्हणजे आपलाही त्यात जातो. बाकीच्यांबद्दल एवढंच सांगते की डब्ल्यूपीए२ मध्ये, म्हणजे घरोघरच्या वायफायच्या सुरक्षापद्धतीत, पासवर्डवर ४०९६ वेळा तीच गणिती प्रक्रिया करून खरी किल्ली बनते. १४ अक्षरांचा बेंगरूळ पासवर्ड असा एकेक अंदाज करत फोडायला कुणाचंच आयुष्य पुरत नाही. 'पासवर्ड१२३'चं तसं नाही, तो लगेच निघतो. पण तो विसरतही नाही कुणी.

काळी खिडकी

लॅपटॉप विंडोज १०चा. यात एक मेख आहे. नेटवर्कच्या स्टेटसमधून वायरलेस प्रॉपर्टीज, तिथे सिक्युरिटीचा टॅब, त्यावर 'शो कॅरेक्टर्स'ची चौकट, हा नेहमीचा रस्ता फक्त आत्ता जोडलेल्या नेटवर्कसाठी चालतो. रिसेटच्या आधी मला फोन आला असता तर दोन मिनिटांत काम झालं असतं. आता जुनं नेटवर्क हवेत नव्हतंच, त्यामुळे ती वाट बंद. विंडोज ११च्या नव्या आवृत्त्यांत जुन्या माहितीतल्या नेटवर्कची की बघायची सोय सेटिंग्जमध्ये आहे, १०मध्ये नाही. राहिला कमांड प्रॉम्प्ट.

"काका, स्टार्टवर क्लिक करा आणि इंग्रजीत सी, एम, डी टाइप करा. वर जे येईल त्यावर उजवं बटण, 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'."

"काळी खिडकी आली."

"आता मी सांगते तसं. एन, ई, टी, एस, एच. एक जागा सोडा. डब्ल्यू, एल, ए, एन. जागा. शो. जागा. प्रोफाइल्स. एंटर."

यादी आली. लॅपटॉप आजवर ज्या ज्या वायफायला जोडला गेला त्या सगळ्यांची नावं, पार एका लग्नातल्या हॉलपर्यंत. आपलं नाव त्यात होतं. मी काकांना ते एकेक अक्षर वाचायला लावलं, कारण पुढे तेच नाव जसंच्या तसं लागणार होतं. नेटवर्कच्या नावात लहान-मोठी अक्षरं वेगळी मोजली जातात. मला आठवत होतं दोन्ही शब्द मोठ्या अक्षराने सुरू होतात, प्रत्यक्षात दुसरा लहान होता आणि मधे खाली रेघ होती. माझ्या आठवणीवर विसंबलो असतो तर पुढचं सगळं फसलं असतं.

मग दुसरी ओळ: तीच सुरुवात, पण 'प्रोफाइल' एकवचनी, मग 'नेम', बरोबरचं चिन्ह, अवतरणात नेटवर्कचं नाव, जागा सोडून 'की', बरोबरचं चिन्ह, 'क्लिअर'. एंटर.

"बरंच काय काय आलं."

"त्यात 'की कंटेंट' अशी ओळ शोधा. तिच्यासमोर काय आहे?"

काका वाचू लागले. स्मॉल अमुक, कॅपिटल तमुक, सात. सहाव्या अक्षराला थांबले.

"इथे एक शून्य आहे, पण कुणीतरी खोडलाय. वरून तिरकी रेघ मारलीय."

मी खरंच खूश झाले. कमांड प्रॉम्प्टचा कन्सोलास हा टंक शून्यावर मुद्दाम तिरकी रेघ देतो, म्हणजे तो 'ओ' वाटू नये. रेघ होती म्हणजे शून्यच, शंकेला जागा नाही. त्याच टंकात मोठा 'आय' आणि लहान 'एल'ही वेगळे दिसतात. वायफायचे जितके पासवर्ड 'चुकीचे' निघतात त्यातले बरेचसे या दोन जोड्यांपायी निघत असावेत, असा माझा आपला अनुभव. १४ अक्षरं झाली. मी माझ्याकडे लिहिली, मावशीने वहीत लिहिली, आणि शून्यावर रेघ मारायला मी तिलाही सांगितलं.

तारेने आत

किल्ली मिळाली तरी राउटर अजून कोरा होता. त्याच्या आत जाण्यासाठी आता स्टिकर खरा होता, पण उष्णतेने त्यावरची दोन अक्षरं उडाली होती. मी लॅन केबल शोधायला सांगितली. राउटरच्या खोक्यात जी पिवळी किंवा राखाडी आखूड तार येते आणि जी कुणी कधी बाहेर काढत नाही, ती. तारेने जोडलं की वायफायची किल्ली लागतच नाही, हे कितीतरी जणांच्या लक्षात येत नाही. किल्ली हवेतल्या दारासाठी असते. शिवाय फोनवरून हे काम करायला गेलं की फोन मध्येच 'या वायफायवर इंटरनेट नाही' म्हणून गुपचूप मोबाइल डेटावर उडी मारतो आणि राउटरचं पान उघडेनासं होतं. तारेला असले नखरे नाहीत.

ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकला. बहुतेक घरांत तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, खात्री करायची तर त्याच काळ्या खिडकीत 'आयपीकॉन्फिग' टाइप करून 'डिफॉल्ट गेटवे' बघायचा. ब्राउझरने 'हे पान सुरक्षित नाही' असं बजावलं, काका घाबरले. घरातल्याच डब्याशी बोलतोय, पुढे जा म्हटलं.

इथे नेहमीचा घोळ झालाच. पानाने पासवर्ड मागितला आणि काकांनी वहीतला १४ अक्षरांचा घातला. या सगळ्या भानगडीत तीन वेगवेगळे पासवर्ड असतात आणि घरोघरी ते एकच समजले जातात. एक वायफायचा, ज्याने उपकरणं जोडली जातात. दुसरा राउटरच्या आतल्या पानांचा, म्हणजे ॲडमिनचा. रिसेटनंतर तो स्टिकरवरचा असतो किंवा राउटर नवा ठरवायला सांगतो. या राउटरने नवा मागितला होता. तिसरा इंटरनेट कंपनीने दिलेला, पीपीपीओईचा, ज्याने राउटर कंपनीपुढे आपली ओळख पटवतो. रिसेटने तिन्ही जातात. रिसेट करू नका असं मी जिवाच्या आकांताने सांगते ते पहिल्यासाठी नाही, या तिसऱ्यासाठी.

कारण तो तिसरा आमच्यापैकी कुणाकडेच नव्हता. राउटर कंपनीने दिलेला असता तर कदाचित त्याने कंपनीकडून सेटिंग्ज आपणहून ओढून घेतली असती, काही ठिकाणी तसं होतं. हा मावशीने स्वतः विकत घेतलेला. इंटरनेटचा दिवा लाल. ग्राहक सेवेला फोन, आधी बराच वेळ संगीत, मग ग्राहक क्रमांक, मग नोंदलेल्या मोबाइलवर आलेला आकडा, मग पलीकडच्या मुलाने यूजरनेम सांगितलं आणि पासवर्ड नवा करून दिला. व्हीलॅनचा क्रमांक, म्हणजे कंपनीच्या जाळ्यात आपली वाट ठरवणारा आकडा, टाकावा लागेल का, हे मी काकांना आठवणीने विचारायला लावलं होतं. काही फायबर जोडण्यांत तो नसला तर बाकी सगळं बरोबर असूनही दिवा लालच राहतो. इथे लागत नव्हता. या एका फोनला चाळीस मिनिटं गेली. बाकी सगळ्या कामाला मिळून तेवढीच.

पंधरावा ठिपका

आता मुख्य काम. नव्याने नाव ठेवायचं नाही, नवा पासवर्डही नाही. जुनं नाव आणि जुनी किल्ली, दोन्ही जशीच्या तशी.

यामागचं कारण साधं आहे. उपकरणं राउटरला ओळखतात ती त्याच्या नावाने. नाव ओळखीचं दिसलं की साठवलेली किल्ली लावून बघतात. आणि डब्ल्यूपीए२ मध्ये ती ४०९६ वेळांची घुसळण पासवर्ड आणि नेटवर्कचं नाव दोन्ही मिसळून होते. पासवर्ड तोच पण नाव वेगळं, तर किल्ली वेगळी. दोन्ही तेच, तर किल्लीही नेमकी तीच. मग डबा कोरा झाला होता की बदलूनच टाकला, उपकरणांना कळायला मार्ग नाही. पडदा नसलेल्या तीन वस्तू त्या घरात होत्या. प्लग आणि कॅमेरा पुन्हा जोडायचे म्हणजे प्रत्येकाचं ॲप, प्रत्येकाचं बारीक बटण आणि कॅमेऱ्यासाठी शिडी. ते टाळण्यासाठी हा खटाटोप.

काकांनी काळ्या खिडकीतून किल्ली कॉपी केली आणि पानात चिकटवली. टाइप करण्यापेक्षा हे बरं, असं मीच म्हटलं होतं. सेव्ह. राउटर पुन्हा चालू झाला. जुनं नाव हवेत आलं.

आणि कुणीच जोडलं गेलं नाही. प्रिंटरचा दिवा लुकलुकत राहिला, काकांचा फोन 'पासवर्ड चुकीचा' म्हणाला.

नाव पुन्हा तपासलं, बरोबर. किल्लीच्या जागी नुसते ठिपके. सगळं पुसून नव्याने करायचं मनात आलं होतं, तेवढ्यात म्हटलं, "काका, ठिपके मोजा."

"पंधरा."

चौदा हवे होते. कॉपी करताना शेवटी एक रिकामी जागा सोबत आली होती. डब्ल्यूपीए२चा पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा असतो आणि त्यात रिकामी जागा हेही एक अक्षरच. राउटरने बिनतक्रार घेतलं. डोळ्याला ते कधीच दिसलं नसतं. शेवटचा ठिपका खोडला, सेव्ह केलं, आणि मिनिटाभरात काकांच्या फोनवर वायफायचा पंखा उमटला. मग प्रिंटर. मग आतल्या खोलीतून मावशी ओरडली, "अगं, प्लगचा हिरवा लागला! दुसराही लागला!"

कॅमेरा आला नाही. पाच मिनिटं वाट पाहिली, तरी नाही. कारण सुरक्षेच्या रकान्यात निघालं. रिसेटनंतर राउटरने आपणहून 'डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ मिश्र' लावलं होतं. मिश्र लावलं की जुन्या वस्तूंनी निमूट डब्ल्यूपीए२ वापरावं अशी अपेक्षा असते. डब्ल्यूपीए३ २०१८चं, २००४च्या डब्ल्यूपीए२ची जागा घ्यायला आलेलं, आणि मजबूत आहे यात वाद नाही. पण काही जुन्या वस्तू मिश्र जाहिरात ऐकूनच बावचळतात. 'फक्त डब्ल्यूपीए२, एईएस' केलं आणि कॅमेरा आला. हे मला फारसं आवडलं नाही. पुढच्या आठवड्यात पाहुण्यांसाठीचं वेगळं नेटवर्क उघडून कॅमेरा आणि प्लग तिकडे डब्ल्यूपीए२वर ठेवायचे आणि मुख्य नेटवर्क पुन्हा मिश्र करायचं असं ठरलं. कॅमेऱ्यासाठी शिडी तेव्हा लागेलच, पण दिवसाउजेडी. डब्ल्यूपीएस मात्र तेव्हाच बंद करून टाकलं. बटणाशिवाय त्याला एक आठ आकडी पिनही असतो, त्या पिनचं कुलूप जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत उघडतं हे २०११मध्येच दाखवून झालंय. ते बटण आता फक्त रिसेटचं आहे, त्यावर काकांनी स्वतःहून चिकटपट्टी लावली.

शेवटी राउटरच्या पानावरून सेटिंग्जची फाइल उतरवून घेतली, तिची एक प्रत माझ्याकडे. तिन्ही पासवर्ड एका कागदावर, प्रत्येकापुढे तो कशाचा आहे ते लिहून. तो कागद राउटरला चिकटवू दिला नाही, कपाटात गेला.

सव्वानऊ झाले होते. मी फोन ठेवणार तेवढ्यात मावशी म्हणाली, "आणि माझा नवा फोन?"

ज्याच्यासाठी हे सगळं झालं तोच राहिला होता. तिने वही उघडली आणि स्वतःच एकेक अक्षर टाकायला लागली. सहाव्याला थांबली.

"हा रेघ मारलेला शून्य. रेघ कशी टाकू?"

"रेघ नको टाकू. नुसता शून्य."

"मग मारली कशाला होती?" असं म्हणत तिने उरलेली आठ अक्षरं टाकली. जोडलं गेलं.